चौथ्या खांबाचा पाय

शनिवार, १२ जुलै

माझ्यावर झालेल्या अन्यायाची नोंद कुठेतरी राहावी म्हणून ही वही काढली. गेली तेवीस वर्षं संध्याकाळी साडेपाच ते सात मी दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, एकवीस नंबरच्या खोलीसमोर, आरामखुर्चीत बसतो. त्या दीड तासात मी कोणाचं काही बिघडवत नाही. पेपर वाचतो, वह्या तपासतो, जिन्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याची जमेल तेवढी थट्टा करतो. आज शाळेतून आलो तर खुर्चीच्या जागी एक लोखंडी टेकू. लाल रंगाचा, वर तुळईला आणि खाली फळ्यांना दाबून बसवलेला. खुर्ची दाराशी सरकवलेली, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखी.

इमारत दुरुस्ती मंडळाच्या कचेरीची माणसं दुपारी आली आणि तिन्ही मजल्यांवर मिळून अकरा टेकू लावून गेली. साठ हात लांब गॅलरीत त्यांना हीच जागा कशी सापडली, हा प्रश्न मी मीनाक्षीला विचारला. बँकेतून आल्यापासून ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "इमारतीला लावलाय हो टेकू. तुमच्या खुर्चीला नाही."

इमारतीला टेकूची गरज नाही, हे मी तिला लग्नापासून सांगत आलोय. मोरेश्वर निवास १९११ सालची. गिरगावातल्या या वाडीत ती आहे म्हणून वाडी आहे. आजकालच्या इमारती भिंतींवर नाहीतर सिमेंटच्या पिलरवर उभ्या राहतात, आमची उभी आहे लाकडाच्या सांगाड्यावर. ब्रह्मदेशी सागाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या. कुठे खिळा म्हणून नाही, सगळं खाचेत खाच बसवलेलं. भिंती नुसत्या मधली जागा भरायला. उद्या सगळ्या विटा काढून घेतल्या तरी सांगाडा उभा राहील आणि आम्ही बिनभिंतींचे राहू, जे आत्ताही फारसं वेगळं नाही.

खुर्ची आत घेतली. आत ती मावत नाही. जेवताना मी तिच्यात आणि मीनाक्षी तिच्यापलीकडे.

सोमवार, १४ जुलै

टेकूंच्या मागोमाग इंजिनीअर आली. नाव रुपाली, वय असेल तीस. पाठीला सॅक, हातात लाकडी मुठीची हातोडी. मी चाळ कमिटीचा चिटणीस असल्यामुळे तिला फिरवून दाखवणं माझ्याकडे आलं. ती खांबावर हातोडीची मूठ मारते आणि कान देते. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवतात तसं. वरचे दोन्ही मजले पास झाले. "सर, लाकूड काय आहे हे," असं तीनदा म्हणाली. मला मुलगी आवडली.

तळमजल्यावर मात्र थांबली. बारा खांब आहेत तिथे, मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा. चौथा खांब तीन नंबरच्या दाराला लागून. तीन नंबरमध्ये जयवंत आणि त्यांची बायको कमलाबाई राहतात. रुपालीने त्या खांबावर कमरेच्या उंचीला ठोकलं, मग गुडघ्याच्या, मग जमिनीलगत. परत ठोकलं.

"याच्या खाली दगड असेल ना, सर?"

म्हटलं, सगळ्यांच्याच खाली आहे. त्याला उथळं म्हणतात. खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडाच्या बैठकीवर उभा करतात.

"मग दिसत का नाही?"

दिसत नाही कारण वर टाइल्स आहेत. तिला मी टाइल्समध्ये बसवलेली संगमरवरी पाटी दाखवली. 'या मार्गिकेचे नूतनीकरण रहिवाशांच्या सहकार्याने, सन २००४', खाली माझं नाव, आणि त्याखाली मी स्वतः रचलेला एक अनुष्टुभ. तिसऱ्या चरणाचं पाचवं अक्षर लघू हवं, ते गुरू पडलंय. एकवीस वर्षांत एकाच्याही लक्षात आलेलं नाही. पूर्वी या बोळात दर पावसाळ्यात घोटाभर पाणी साचायचं. मी चिटणीस झालो आणि नऊ इंच भर घालून, वर सिमेंट आणि टाइल्स बसवून घेतल्या. तेव्हापासून पाणी नाही. माझ्या आयुष्यात मी एवढी एकच टिकाऊ गोष्ट केली आहे, बाकी फक्त शिकवलं.

रुपालीने पाटी वाचली. म्हणाली, चार ठिकाणी टाइल फोडून खांबांचे पाय बघावे लागतील.

कमिटीसमोर ठेवतो म्हटलं.

रविवार, २० जुलै

सभा झाली. हजर एकतीस. लोकांना वाटतं, हा सगळा बिल्डरचा डाव आहे. इमारत धोकादायक ठरवायची, माणसं बाहेर काढायची, आणि मग परत यायला वीस वर्षं. शेजारच्या वाडीत झालंय तसं, त्यामुळे ही भीती खोटी म्हणता येत नाही. मी बोललो. सागवान दोनशे वर्षं कुठे जात नाही, लाकडाला वय चढतं तसं बळ चढतं, वगैरे. दोन सुभाषितं घातली. टाळ्या पडल्या. टाइल्स फोडायला हरकत घेणारं पत्र एकमताने मंजूर. पत्र मीच लिहिलं, सात मुद्द्यांचं. सहावा मुद्दा असा की सदर मार्गिका ही इमारतीतील एकमेव सुस्थितीत असलेली बाब आहे. हा मुद्दा जरा उलटा पडू शकतो असं मीनाक्षी म्हणाली.

सभा संपल्यावर जयवंत थांबले. अडुसष्ट वर्षांचे आहेत. मालवणकडचे, पण पन्नास वर्षं मुंबईत. परळच्या मिलमध्ये सुतारखात्यात होते, मिल बंद झाल्यावर घरोघर जाऊन फर्निचर केलं. माझी आरामखुर्चीही त्यांचीच. मिलमधल्या मोडीत काढलेल्या तुळईतून केली आणि पैसे घेतले नाहीत, कारण मी त्यांच्या फंडाची पत्रं लिहून दिली होती. कमलाबाईंची डावी बाजू दोन वर्षांपूर्वी गेली. दाराशी कॉट आहे, तिथून त्या अख्ख्या बोळाची हालहवाल घेतात. कोण कितीला आलं, कोणी काय आणलं, सगळं.

जयवंतांनी मला एवढंच विचारलं, "मास्तरानू, म्हणजे आमी ऱ्हवाचा?"

म्हटलं, बिनधास्त राहा.

"तुमी सांगशात तसा," म्हणाले, आणि जाताजाता चौथ्या खांबावर सहज हात टेकवला. त्यांना सवय आहे. लाकूड दिसलं की हात लावतात, आपण मांजराला लावतो तसा.

मंगळवार, २९ जुलै

तीन नंबरचं दार नीट लागेनासं झालंय. वरच्या कोपऱ्यात घासतं. जयवंतांनी रंधा मारला. मी सांगितलं, पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्याचं काय एवढं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "होय" म्हणाले. लाकूड फुगतं हे मी एका सुताराला सांगितलं, हे वर आल्यावर लक्षात आलं.

आमचं पुस्तकांचं कपाटही हल्ली आपोआप उघडतं. बिजागऱ्या जुन्या झाल्या. मीनाक्षीने सगळी कागदपत्रं, पासबुकं, माझं सर्व्हिस बुक एका पिशवीत भरून दाराच्या खुंटीला लावली आहेत. आवराआवरीची लहर तिला श्रावणात येतेच.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदनाहून परत येताना जयवंत बोळात बसलेले दिसले. पुढ्यात करंजाच्या तेलाची बाटली आणि नारळाच्या काथ्याचा कुंचा. मला बघून बाटली बाजूला ठेवली.

ती बाटली बघून जुनी गंमत आठवली. २००४ पर्यंत दर दसऱ्याला जयवंत एक पूजा करायचे. लोक हत्यारांची करतात, हे हत्यारांची करून झाल्यावर खांबांची करायचे. बाराही खांबांच्या पायाशी बसायचे, उथळ्यावरची माती कुंच्याने झाडायचे, खांबाचा तळ पुसायचे, करंजाचं तेल चोळायचे, मग ठोकून बघायचे आणि शेवटी एक फूल. त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. अर्धा दिवस जायचा आणि अख्खा बोळ तेलकट वासाने भरायचा. टाइल्सचा ठराव आला तेव्हा सगळ्या चाळीत विरोध त्यांचा एकट्याचा. लाकडाक वारो लागाक व्हयो, पाय बुजवू नकात, असं ते उभं राहून म्हणाले, आणि मग त्यांना कारण सुचेना म्हणून म्हणाले, "दसऱ्याची पूजा खय करूची?"

मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो आणि एम. ए. झालेला. मी विचारलं, ही पूजा कुठल्या गृह्यसूत्रात आहे? कुठल्या पुराणात? मंत्र कोणता? देवता कोण? सभा पोट धरून हसली. जयवंतही हसले. म्हणाले, मास्तरांनी पोथ्ये वाचलेत, आपणाक काय म्हायत. आणि बसले. त्यानंतर पूजा झाली नाही. पूजेला खांबाचा पाय हवा, तो राहिलाच नाही.

आज त्यांना म्हटलं, काय, पुन्हा पूजा मांडताय की काय? ते म्हणाले, नाय, दाराच्या बिजागऱ्यांक.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती आले. आमच्या चाळीत दरवर्षी गणपतीआधी खांबांना ऑइलपेंट मारतात. यंदा रंग बदामी. माझं मत पांढऱ्याला होतं. रंग मारणाऱ्याने चौथ्या खांबाशी जमिनीलगत गेलेली एक बारीक चीर पुट्टीने भरली आणि वरून दोन हात जास्त दिले. अगदी नव्यासारखा दिसतो.

मंगळवार, ९ सप्टेंबर

आज जे झालं ते सरळ लिहितो.

शाळेला सुट्टी होती. अकराच्या सुमारास खालून जयवंतांची हाक आली. आवाज मोठा नव्हता, पण ते मला कधी हाक मारत नाहीत. खाली गेलो. ते औषधं आणायला गेले होते, दार लोटून. परत आले तर दार उघडेना. कडी लावलेली नव्हती. चौकट खाली बसली होती आणि तिने दार वरून असं दाबून धरलं होतं की आम्ही चौघांनी खांदे लावले तरी हललं नाही. आत कमलाबाई कॉटवर. त्यांना उठता येत नाही. बोलतात, पण शब्द अर्धे येतात. आतून त्या सारखं "माती, माती" म्हणत होत्या. छतातून तोंडावर माती पडत होती आणि त्यांना मान वळवता येत नव्हती.

कोणीतरी पहार आणायला धावलं. जयवंतांनी त्याला थांबवलं. पहार लावली तर वरचं खाली येईल म्हणाले. शेजारी ठेवलेली आपली करवतीची पिशवी मागवली, दारालाच उभी चीर दिली, आणि पाऊण तासात मधली फळी काढून आत शिरले. या पाऊण तासात ते एकदाही घाईने हलले नाहीत. मी बाहेरून कमलाबाईंशी बोलत होतो. काय बोलावं ते सुचेना तेव्हा गणपतीत कोणाकडे किती दिवसांचा होता ते सांगत राहिलो. त्यांना ते सगळं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर जयवंतांनी करवत पुसून पिशवीत ठेवली. मी म्हटलं, चौकट जुनी झाली आहे.

गुरुवार, ११ सप्टेंबर

काल काही लिहिलं नाही. आज अर्धी रजा टाकून दुपारी आलो. तळमजल्यावर त्या वेळी सामसूम असते. कमलाबाई झोपल्या होत्या, जयवंत बाजारात. मी चौथ्या खांबाशी बसलो आणि खुरप्याने एक टाइल उचलली. सहज निघाली. खालचं सिमेंट ओलं होतं. बोळात पाणी साचत नाही याचा अर्थ पाणी येत नाही असा मी इतकी वर्षं धरला होता. ते येत होतं. फक्त दिसत नव्हतं.

थोडं खरवडल्यावर खांबाचं लाकूड लागलं. मीनाक्षीची विणायची सुई नेली होती, लोखंडी, वीतभर. रुपालीने वरच्या मजल्यांवर खांबांत स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला होता तेव्हा तो नखभरसुद्धा शिरला नव्हता. मी सुई टेकवली आणि ती गेली. जोर लावावा लागला नाही. मुठीपर्यंत गेली. बाहेर काढली तर काळपट ओला भुसा लागलेला, आणि वास, कुजलेल्या पाल्याचा.

म्हणजे खांब दगडावर उभाच नाही. वरचा सांगाडा त्याला धरून आहे. शेजारचे अकरा खांब आपापल्या वाट्याहून जास्त उचलताहेत, म्हणून ही इमारत आज उभी आहे. त्या अकरांचे पाय कसे असतील, ते बघायला मी दुसरी टाइल उचलली नाही.

टाइल परत बसवली. पांढरं सिमेंट लावलं. वर कमलाबाईंचं पायपुसणं ओढून ठेवलं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

फोन केला नाही. मुद्दे मांडून बघितले. एका खांबावरून सगळ्या इमारतीचा निष्कर्ष काढणं तर्कशास्त्राला धरून नाही. लोक रस्त्यावर येतील. जयवंत कमलाबाईंना घेऊन कुठे जातील. सगळे मुद्दे बरोबर आहेत. दिवसभर वर्गात शिकवलं, एकही चूक झाली नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

मीनाक्षी विणायला बसली. सुई हातात घेतली, नाकाशी नेली, आणि मला विचारलं की ही कुठे घातली होतीत.

सांगितलं. २००४ पासून सांगितलं, जरी तिला ते सगळं माहीत होतं. तिने विणकाम खाली ठेवलं नाही, ऐकताना दोन ओळी विणल्या.

मग म्हणाली, "गुरुवारी कळलं तुम्हाला. आज रविवार. चार दिवस त्या बाई तिथे झोपल्यात."

मी म्हटलं, विचार करत होतो.

"उद्या सकाळी तुम्ही फोन करा. आठपर्यंत केला नाहीत तर मी करेन."

मी तिला विचारलं, खुंटीवरची पिशवी कधीपासून भरलेली आहे. म्हणाली, ती मुलगी चौथ्या खांबावर परत परत ठोकत होती ना, त्याच दिवसापासून. मी गॅलरीतून बघत होते.

सोमवार, १५ सप्टेंबर

सव्वासातला फोन केला. रुपाली दहाला आली, सोबत तीन माणसं. बारापैकी सात खांबांचे पाय गेलेले निघाले. चौथा सगळ्यांत वाईट. मी तिला हरकतीच्या पत्राबद्दल काही बोलणार होतो. ती म्हणाली, "सर, ते नंतर. पाच दिवसांत खाली करा, प्लीज."

तिच्या अहवालात लिहिलं आहे: 'तळाचे लाकूड कुजलेले. कारण, ओलावा.' वाचून मला हायसं वाटलं, हे लिहून ठेवतो. ओलाव्याला नाव नसतं.

संध्याकाळी सगळ्यांना बोळात जमवून सांगितलं. जुलैत ज्या आवाजात 'राहा' म्हटलं होतं, त्याच आवाजात 'निघा' म्हटलं. आरडाओरडा होईल असं वाटलं होतं. थोडा झाला. मग कोणीतरी म्हणालं, मास्तर स्वतः सांगतायत म्हणजे खरंच असणार.

जयवंतांना जागा मिळाली आहे संक्रमण शिबिरात. पार उपनगराच्या टोकाला, सातवा मजला. ते मला म्हणाले, "हिका घेवन एवढ्या लांब जाव?" मग स्वतःच "बरा" म्हणाले.

शनिवार, २० सप्टेंबर

वाडीच्या तोंडापर्यंत टॅक्सी येते, आत येत नाही. कमलाबाईंना उचलून न्यायचं होतं. स्ट्रेचर म्हटल्यावर त्यांनी उजव्या हाताने जयवंतांचा शर्ट धरला आणि सोडेनात. आडवं होऊन या दारातून जायचं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग मी वर जाऊन आरामखुर्ची आणली. त्यात त्यांना बसवलं, कमरेला लुगडं गुंडाळलं, आणि चौघांनी हातांना धरून खुर्ची उचलली. पुढे जयवंत आणि मी.

बोळातून जाताना त्या दोन्ही बाजूंचे खांब बघत होत्या. पाटीवरून आम्ही गेलो. वाडीत लोक दारात उभे होते. कमलाबाईंनी उजवा हात वर करून सगळ्यांना दाखवला, मिरवणुकीतल्या पाहुण्यासारखा, आणि लोक हसले, मग दोघी-तिघी आत गेल्या.

खुर्ची टेम्पोत सामानाबरोबर गेली. मला परत मागायची नाही. आम्ही मीनाक्षीच्या बहिणीकडे दादरला आलो. तिच्या हॉलमध्ये सोफा आहे. सोफ्यावर माणूस नीट बसूही शकत नाही आणि उठूही शकत नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

जयवंतांना फोन केला. दोन दिवस लिफ्ट बंद आहे. डॉक्टर वर यायला तयार नाही. कमलाबाई जेवत नाहीत. दुखतं काही नाही. दिवसभर दाराकडे तोंड करून असतात, पण तिथे दारासमोर भिंत आहे.

शनिवार, २७ सप्टेंबर

कमलाबाई पहाटे गेल्या. खुर्चीत बसवून ठेवलं होतं, कारण कॉटवर त्यांना दार दिसत नव्हतं. खुर्चीतच गेल्या.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

सकाळी जयवंतांचा फोन. मोरेश्वर निवासात येता का म्हणाले. गेलो.

फाटकाला साखळी, वॉचमन खुर्ची टाकून बसलेला. बोळातल्या सगळ्या टाइल्स कचेरीच्या माणसांनी काढल्या आहेत, भर उपसली आहे. एकवीस वर्षांनी मी उथळी बघितली. काळ्या दगडाची, वर उमललेल्या फुलासारखी घडवलेली. पाटी तुकड्या-तुकड्यांनी ढिगात पडली होती. ज्या तुकड्यावर चुकलेलं अक्षर आहे तोच वर होता.

जयवंत फाटकाबाहेर उभे. डोक्याचे केस काढलेले. हातात तेलाची बाटली आणि कुंचा. वॉचमनला त्यांनी आधीच पटवलं होतं. तो म्हणाला, दहा मिनिटं, आणि काही झालं तर मी तुम्हाला बघितलं नाही.

मी म्हटलं, चला.

"माका सुतक आसा," ते म्हणाले. "पूजा कशी करू? तुमी करा."

सुतकाचा नियम त्यांना माहीत होता, आणि तो मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. या एका बाबतीत शास्त्र त्यांच्या बाजूने होतं. मी कुंचा आणि बाटली घेतली. आत जाऊन पहिल्या खांबाशी गुडघ्यांवर बसलो आणि सवयीने विचारलं, मंत्र काय म्हणू?

"मंत्र खयचो? आदी कुंचो मारा, मगे पुसा, मगे तेल. मगे ठोका आणि आयका."

तसं केलं. पहिला खांब ठोकला. फाटकातून ते म्हणाले, बरो आसा. दुसरा, बरो आसा. तिसऱ्याला थोडं थांबून म्हणाले, अजून एकदा. तीस फुटांवरून ते ऐकत होते. वॉचमन त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मला त्या आवाजांत काही फरक कळत नव्हता, आणि मला कळलं की ही पूजा म्हणजे एवढंच होतं. वर्षातून एकदा कोणीतरी प्रत्येक खांबाच्या पायाशी बसायचं, कोरडा करायचा, तेल द्यायचं आणि ऐकायचं. देवता विचारली होती मी.

चौथ्यापाशी आलो. त्याला आता दोन्ही बाजूंनी लोखंड आहे. कुंचा उचलला.

"तो रवांदे," जयवंत म्हणाले.

मी कुंचा खाली ठेवला. मग फाटकाशी आलो आणि त्यांना सांगायला लागलो, की हा पाय ओलाव्याने गेला नाही, मी बुजवला म्हणून गेला. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"माका म्हायत होता," ते म्हणाले. "सभेच्या आदीपासून. हात लावल्यार कळता."

म्हटलं, मग तेव्हा बोलला का नाहीत? बाहेर का पडला नाहीत?

त्यांनी माझ्या हातातली तिरकी झालेली बाटली सरळ केली. "हिका हयसरच ऱ्हवाचा होता, मास्तरानू. कोणतरी शिकलेल्यान 'ऱ्हवा' म्हणाक व्हया होता. तुमी म्हणलात."

हे ते रागाने म्हणाले नाहीत. माझे आभार मानल्यासारखे म्हणाले. मग म्हणाले, उरलेले आठ करून टाका, दहा मिनिटां होतली. मी परत जाऊन आठ खांब केले. फुलं आणायची राहिली होती.

निघताना त्यांनी विचारलं की रविवारी सभा आहे ना. आहे. बिल्डरचा करार आला आहे, छप्पन्न पानांचा, इंग्रजीत. सही करायची की नाही हे ठरायचं आहे. सत्तावीस घरांनी मला फोन करून विचारलंय, मास्तर, तुम्हाला काय वाटतं. जयवंत म्हणाले, "माझ्या सयेचा तुमीच सांगा. तुमी सांगशात थय करतलंय."

दादरला आलो. मीनाक्षीने सोन्याची पानं हातावर ठेवली. गुडघ्यांवर तेलाचे डाग पडले आहेत, ते धुऊन गेलेले नाहीत.

करार दोनदा वाचला. मला तो कळलेला नाही. तरीही रविवारी मी उभा राहीन, लोक गप्प होतील, आणि माझ्या तोंडून काहीतरी ठाम बाहेर पडेल, कारण मला दुसऱ्या आवाजात बोलता येत नाही. इमारत पडेल याची मला आता फारशी काळजी नाही, तिच्यात कोणी नाही. मला काळजी वाटते ती जयवंतांची. ते अजून माझं ऐकतात.